एकशे बेचाळीस चिठ्ठ्या

कंपाउंडरचं अक्षर साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं कुणाला लागायचं नाही, म्हणून लोक औषधाच्या पुडीवर त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्यायचे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या, की मतदारयादीचं कामही आपसूक त्याच्याकडे यायचं. घरोघरी द्यायच्या चिठ्ठ्या तोच लिहायचा: मतदाराचं नाव, यादीतला क्रमांक आणि मतदानाचं ठिकाण. बाई दोनदा थोडक्यात पडल्या होत्या. पण चिठ्ठ्यांत एक काना चुकला नव्हता.

यंदा बाई तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या आणि प्रचाराच्या कचेरीत शिकवणीवाल्या मॅडम आल्या.

कचेरी म्हणजे एक रिकामं दुकान. अर्धं शटर, सहा खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल. मॅडम पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसल्या, आठवड्याभरात टेबलाशी आल्या आणि महिन्याभरात बाई कुठलीही गोष्ट आधी त्यांना विचारू लागल्या. मॅडम ज्या दारात जायच्या, तिथे आत बोलावून बसवलं जाई. कंपाउंडर गेला, की लोक उंबऱ्यातूनच खोकल्याचं औषध विचारायचे.

"मॅडमनी तीन दिवसांत कालव्याकाठची सगळी गल्ली पालथी घातली. एक घर सोडलं नाही," एकदा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपाउंडरनेही डोलावली. दहा वर्षं आपण झिजलो, आणि कौतुक कालच्या माणसाचं? घरी जाऊन तो बायकोवर उगाचच खेकसला. भाजीत मीठ नाही म्हणाला. मीठ होतं.

मग मतदानाच्या तीन दिवस आधी, सकाळी, निवडणूक कार्यालयातून त्याच्या हाती एक कागद आला. शाळेच्या छताचं काम निघाल्यामुळे कालव्याकाठच्या गल्लीचं मतदान आता शाळेत नाही, पुलापलीकडच्या पाणीपुरवठा कार्यालयात होणार होतं. मॅडमनी स्वतः लिहून त्या गल्लीत वाटलेल्या एकशे बेचाळीस चिठ्ठ्यांवर मात्र "शाळा" असं लिहिलेलं होतं.

कंपाउंडरने कागद दोनदा वाचला. घडी घातली आणि खिशात ठेवला. चूक कुणाचीच नव्हती, हे त्याला कळत होतं. पण ठपका मॅडमवर येणार होता, हेही कळत होतं. लोक शाळेच्या बंद फाटकाशी जमतील, बोंब होईल, मग बाईंना उमजेल की भरवशाचं माणूस कोणतं. कचेरीत येऊन तो दिवसभर मॅडमशी इतका गोड बोलला, की त्या म्हणाल्या, आज स्वारी खुशीत दिसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना बंद झाल्यावर तो जेवायला घरी आला. समोर आत्या बसली होती. आत्याने शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली होती आणि दर निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्यूटी. कंपाउंडरला ती गोष्ट पोटात ठेवणं जमेना. बघ ती मॅडम कशी तोंडावर आपटते, असं म्हणत त्याने सगळं सांगून टाकलं.

आत्या हसली नाही. तिने ताट बाजूला सारलं.

"एक बाई आली होती माझ्या टेबलापाशी," ती म्हणाली. "कामावरून सुट्टी नव्हती मिळाली, धावत आलेली. तिच्या चिठ्ठीवर आमच्या केंद्राचं नाव होतं, पण यादीत नाव नव्हतं. मी म्हटलं, दुसरीकडे जा. वेळ संपायला पाच मिनिटं होती. ती भांडली असती ना, तर मी विसरले असते. ती नुसतं 'बरं' म्हणाली आणि गेली. बावीस वर्षं झाली."

कंपाउंडरने घास फिरवला. त्या गल्लीतली निम्मी मतं पलीकडच्या उमेदवाराचीच आहेत, असं तो पुटपुटला.

"म्हणजे निम्मी तुझ्या बाईंचीही आहेत. आणि नसली तरी काय? मत त्यांचं आहे, तुझं नाही. एका मॅडमचा पाय ओढायला तू किती माणसं खाली पाडतोयस, मोजलीस का?"

मोजायची गरज नव्हती. आकडा त्याला पाठ होता. त्या आकड्यात गुडघ्यांची म्हातारी होती, दम्याचे आजोबा होते. ज्यांची औषधं तो स्वतःच्या हाताने बांधून द्यायचा, तीच ही माणसं! शाळेपर्यंत जाऊन मग पूल चढणं त्यांच्याने झालं नसतं. तो हात धुऊन उठला.

कचेरीत मॅडम एकट्याच होत्या. त्याने कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि कधी आला, एवढंच विचारलं.

"काल सकाळी," तो म्हणाला. "मुद्दाम नाही सांगितलं."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मला तुम्हाला जे बोलायचंय, ते निवडणुकीनंतर बोलेन," त्या म्हणाल्या. "आता गल्लीत चला. प्रत्येक दारात तुम्हीच सांगायचं. मी मागे उभी राहीन."

पहिल्या घरी तो म्हणाला, जरा चूक झाली. मागून मॅडम खाकरल्या. दुसऱ्या घरीही त्या खाकरल्या. तिसऱ्या घरी तो म्हणाला, "ठिकाण बदललंय, हे मला कालच कळलं होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी." त्यानंतर प्रत्येक दारात त्याने हेच सांगितलं आणि चिठ्ठीवर नवं ठिकाण लिहून दिलं.

एका दारावर समोरच्या उमेदवाराचा झेंडा होता. तिथला किराणावाला हसला. "अहो, आम्ही तुम्हाला मत देणार नाही, हे ठाऊक आहे ना?"

"कुठे द्यायचं ते सांगायला आलोय," कंपाउंडर म्हणाला. "कुणाला, ते तुम्ही बघा."

किराणावाला हसायचा थांबला. आत वळून त्याने आईलाही बाहेर बोलावलं.

संध्याकाळी कंपाउंडरने बाईंना सारं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मतदारयादी मॅडमकडे दिली. त्याला ते लागलं.

मतदानाच्या दिवशी तो आपणहून शाळेच्या बंद फाटकाशी उन्हात उभा राहिला. चुकून आलेल्या नऊ जणांना त्याने पलीकडे धाडलं. दहावे दम्याचे आजोबा. ते पुलाच्या चढावर चारदा थांबले, तो चारदा थांबला. त्यांनी कुणाला मत दिलं ते त्याने विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी शाई लावलेलं बोट मात्र त्याला दाखवलं, आणि त्या बोटाकडे बघताना कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याला मॅडमची आठवण झाली नाही.

मत्सर आपल्यापैकी कुणाला सुटलेला नाही; तो मनात येतो, येऊ द्यावा. पण जे काम चार लोकांसाठी हाती घेतलं, त्यात त्याला हात घालू देऊ नये. दुसऱ्याला पाडण्यासाठी आपण जेव्हा गप्प बसतो, तेव्हा पडतो तो तिसराच कुणी, ज्याने आपलं काहीच बिघडवलेलं नसतं.