देव्हाऱ्यातलं विमान

मी एक जुनं विमान आहो, मित्रांनो. प्लास्टिकचं, वीतभर. आभाळात कधी गेलो नाही. माहा एक पंख वाकडा आहे अन् तो पाहून पोरं हासतात. मले राग येते. पहिले आयका, मग हासाचं त हासा.

माहा जन्म खोक्यात झाला. खोक्यावर झकास चित्र, अन् आत पाहाल त काड्यांची चौकट अन् तिले लटकलेले करडे तुकडे. अर्धा पंख इकडं, चाक तिकडं, पायलट चिमणीच्या चोचीएवढा. जागेश्वर वायुसेनेत मेकॅनिक होता. त्यानं मले कलकत्त्याच्या बाजारात घेतलं अन् एकाहत्तरच्या उन्हाळ्यात सुटीवर पवनीले आणलं. लगन नुकतंच झालं होतं. नव्या सुनेसाठी पोरानं लुगडं आणलं असंन म्हणून त्याच्या मायनं, गोदावरीबाईनं, पिशवी उघडली. मीच निघालो.

"हे काय व्होय रे?"

"विमान आहे, माय. जोडा लागते."

"मोडकं कायले आणलं मग?"

रुखमा, त्याची बायको, पदरात तोंड घालून हासली. तिथून तिचं-माहं जमलं.

दोघंही ओसरीवर बसत. तो दाढीच्या पत्तीनं तुकडे कापे, ती पालिशकागदानं कडा घासे. चिकटवाचं औषध काडीच्या टोकानं लावा लागे. एक थेंब जास्त झाला का प्लास्टिकच विरघळे. रंग सायकलवाल्याकडचा, चंदेरी. खोक्यातले शिक्के परदेशी होते, ते जागेश्वरनं फेकले अन् पंखावर आपले तिरंगी गोल हातानं काढले. पायलटचं तोंड रुखमानं रंगवलं. त्याले मिशी काढली.

"पायलटले मिशी नसते," तो म्हणे.

"तुम्हाले आहे ना."

"मी कुठं पायलट आहो?"

"मंग ह्याले तरी होऊ द्या."

शेपटीची तार मात्र खोक्यात नव्हती. जागेश्वरनं चौकटीची उरलेली काडी मेणबत्तीवर धरली. नरम झाली का दोन्हीकडून ओढली, केसाएवढी तार निघाली. त्याची तुटे. रुखमाची तुटे नाही. "शेवया वळल्यासारखंच त आहे," ती म्हणे. त्यानं तिले सांगून ठेवलं, आच जवळ आली का हे वाकते, हळूच गरम केलं त सरळही होते, पण घाई करशील त गेलं.

सुटी सरली, तो गेला. डिसेंबरात लढाई लागली.

पत्र येईनासं झालं. पानठेल्यावरच्या रेडिओनं विमानं पडल्याचं सांगतलं का गोदावरीबाई ताट सरकवून उठे. एक दिवस तिनं मले खुटीवरून काढलं अन् देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या बाजूले ठेवलं. नाकावर कुंकू, शेपटीवर तांदूळ. मले लाज वाटे, पण बोलता येत नाही ना. रुखमा दिवा दूरच्या कोपऱ्यात लावे. म्हातारी तो सरकवून माह्या पंखाखाली आणे. "माह्या पोराले उजेड पडू दे." रुखमानं दोनदा सांगतलं, आत्याबाई, आच लागते. सुनेचं कोण आयकते?

एका सोमवारी तिनं दिवा पंखाखाली सरकवला, वात मोठी केली, दिवसभर पुरंन एवढं तेल घातलं अन् धुरपताकडं जाऊन बसली. धुरपता म्हणजे शेजारीण. गावात कोणाचं काय वाईट झालं, ते सगळ्यात पहिले हिले मालूम. दुपारी माहा डावा पंख नरम पडला अन् उन्हात कोवळं पान लोंबते तसा खाली लोंबला.

रुखमा धान चुरून खळ्यावरून आली. पाहलं, अन् तिचं तोंडच उतरलं. म्हातारीनं पाहलं त धसका घेईन, ती यायच्या पहिले सरळ करू, एवढंच तिच्या मनात. मी सांगतो ना, मी तिच्या हातात होतो. तिनं मले उचललं अन् दिव्यावर हळूहळू शेकू लागली. पंख वर येत होता. आणखी थोडा वेळ पाहिजे होता.

दारात गोदावरीबाई. मागं धुरपता.

"काय करून राहिली व?"

रुखमा दचकली. हात हालला, पंख पिरगळला अन् तसाच थंड झाला.

"पंख वाकला, आत्याबाई. सरळ करून राहिली. दिव्याची आच..."

"माह्या पोराले दिव्यावर धरलं हिनं." म्हातारी ओरडली नाही. हळूच बोलली, तेच भयंकर होतं.

धुरपता म्हणाली, "मी म्हणत नव्हती? हिचं लगन झालं अन् लढाई लागली."

सकाळी साकोलीले निरोप गेला. रुखमाचा बाप भय्याजी आला, मान खाली घालून लेकीले एसटीनं घेऊन गेला. मी परत देव्हाऱ्यात. पण एक गोष्ट मी पाहली, मित्रांनो. त्या दिवसापासून गोदावरीबाईनं दिवा दूर सरकवला. काहून सरकवला, ते तिले कोण विचारंन?

लढाई संपली. होळीच्या आधी जागेश्वर धडधाकट घरी आला. म्हातारीनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला अन् म्हणाली, "पाह्य, तिले काढलं अन् तू वाचला." गावानं माना हालवल्या.

त्यानं मले खाली घेतलं. पंखावर बोट फिरवलं. मग दिव्याकडं पाहलं, दिव्याच्या जुन्या जागेवरच्या तेलाच्या डागाकडं पाहलं. त्याले समजलं. मी त्याचं तोंड पाहत होतो, सगळं समजलं. आता बोलंन, आता बोलंन म्हणून मी वाट पाहत होतो.

"जेवाले वाढ, माय," तो म्हणाला.

आठवड्यानं मले थैलीत घालून तो साकोलीले गेला. रुखमा ओसरीवर बिड्या वळत होती. भय्याजीनं जावयाले पाणी दिलं अन् बाहेर गेला.

"चाल घरी."

"आत्याबाईले सांगतलं काय?"

"काय?"

"हे कायनं वाकलं ते."

तो माहं चाक बोटानं फिरवत राहिला. "म्हातारं मानूस आहे. कायले तिचं मन मोडाचं? तू एक वेळ पाया पड, चुकलं म्हण. दोन दिवसात मिटते."

"चुकलं कोणाचं?"

"कोणाचंच नाही."

"मंग तेच सांगा घरी. धुरपताबाईच्या दारात उभे राहून सांगा. मी उद्याच येते."

"लोक काय म्हणतीन? बायकोचं आयकून मायले खोटं पाडलं..."

"त्याइले मालूम नाही," रुखमा म्हणाली. "तुम्हाले मालूम आहे."

तो उठला. मले तिथंच ठेवून गेला. दुसऱ्या वर्षी त्यानं दुसरं लगन केलं.

आज पंधरा वर्षं झाली, मी भय्याजीच्या खिडकीत आहो. चंदेरी रंग गेला, शेपटीची तार तुटली, पायलटची मिशी धुळीत दिसत नाही. भावाची पोरं विचारतात, फुफी, हे वाकडं काहून? रुखमा सांगते, "दिव्यानं." अन् बिडी वळत राहते.

तर मित्रांनो, माह्यासारखं काही जोडलं असंन त आचेपासून दूर ठेवा. मऊ फडक्यानं पुसा, पंख धरून उचलू नका. एवढं केलं तरी लय झालं. पण आणखी एक आयका. त्या सोमवारी दिवा कोणी सरकवला, हे मी डोळ्यानं पाहलं अन् बोलू शकलो नाही, कारण मी प्लास्टिकचा आहो. तुम्ही नाही.