देवघराच्या डोक्यावर

वसमतच्या विद्याविहार कॉलनीत फाटकांना ग्रॅनाइटच्या पाट्या असतात आणि गच्चीवरच्या खोलीला 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हणतात. हे नाव घरमालक व्यंकटरावांच्या मुलाने, शौनकने, पुण्यातून सुचवलं. खोली म्हटलं की तीन हजार, स्टुडिओ म्हटलं की साडेसहा. भिंती त्याच.

पुजाला मात्र ती हवीच होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागून महिना झाला होता, आणि शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरून निघालेली पहिली एसटी पोचेपर्यंत सकाळची ड्यूटी अर्धी संपलेली असायची. वसमतमध्येच राहत असल्याचं घरमालकाचं पत्र सोमवारपर्यंत द्या, नाहीतर नोकरीवर ठेवणार नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. आज शनिवार. पाच घरं पाहून झाली होती. पाचही ठिकाणी आधी गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग एकाएकी घरमालकाचा भाचा राहायला येणार असल्याचं निघालं. वसमतला एवढे भाचे कुठून येतात कोण जाणे.

व्यंकटराव तहसिलीतले निवृत्त अव्वल कारकून. पुजाचं 'राठोड' हे आडनाव ऐकून त्यांनी चष्मा पुसला. पण खोली चार महिने रिकामी होती, त्यामुळे त्यांना भाचा नव्हता.

"या, बघून घ्या," म्हणत त्यांनी पुजाला आणि तिच्या आईला, पारुबाईंना, वर नेलं. मागोमाग त्यांच्या पत्नी, प्रेमाकाकू, आल्या. ओटा, पलंग, बेसिन, सगळं एकाच खोलीत. आणि मधोमध, पांढऱ्या फरशीवर, लाल रंगाने आखलेला चार फुटी चौकोन.

"ह्याच्यात पाय द्यायचा नाही," व्यंकटराव म्हणाले.

"काहून?" पारुबाईंनी विचारलं.

"खाली बराबर देवघर आहे. देवाच्या डोक्यावरून चालतात का कोणी? शौनकनं कॉम्प्युटरवर नकाशा काढला. त्यात संडासाचा पाइप दाखवला, देव दाखवले नाहीत."

"हरकत नाही काका, मी कडेनं जाईन. तेवढं पत्र द्या."

"पत्र महिन्यानं. आधी वागणूक बघू. मागचा तो बँकेतला श्रेयस, अकराव्या दिवशी चुकला. ही खाली आरती करून राहिली, आणि वर धप धप!"

"बिचारा अंघोळीला चालला होता," प्रेमाकाकू म्हणाल्या.

"तू गप्प बस. आणि सिस्टर, तुम्हाला रात्रपाळ्याही असणार. अर्धवट झोपेतल्या माणसाचा काय भरोसा?"

"काका, मला पत्र सोमवारी पाहिजे!"

"मग चुकणार नाही कशावरून, ते सांगा."

पुजाने पर्स खांद्याला अडकवली. "चल याडी. हिथं राहायला उडता यायला पाहिजे."

पण याडी, म्हणजे तिची आई, चौकोनाच्या कडेला उकिडवी बसली होती. "साहेब, मानसाचा पाय नको, व्हय ना? मग आमची जगदंबा बसवू हिथं. पोहरादेवीहून आणलेला फोटो हाय, चांगला मोठा चौरंग हाय. चौरंग ठेवला की कुनाचा पाय पडायचा न्हाई. आमचं लेकरू देवीला कशाला तुडवंल?"

व्यंकटरावांनी तोंड उघडलं. तांड्याची देवी वर आणि आपले देव खाली, हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं. पण तसं मोठ्याने म्हणायचं कसं? ते दुसरीकडून शिरले. "आणि ते... बोकड वगैरे?"

"बोकड तांड्यावर. हिथं निस्ता नारळ. तुमाला बी परसाद देऊ."

"नारळाचा," पुजाने खुलासा केला.

"फारच छान," प्रेमाकाकू म्हणाल्या. "देवाच्या वर देवच. अहो, मला आता पाय वाजतो का म्हणून मान वर करून आरती करायला नको. लिहून टाका पत्र."

"अगं पण..."

"पण काय?"

पण काय, ते सांगायचं तर व्यंकटरावांना खोली आणखी चार महिने रिकामी ठेवावी लागली असती. ओट्यावर कागद ठेवून त्यांनी सरकारी वळणाने पत्र लिहिलं, 'सदर परिचारिका आजपासून माझ्या घरी वास्तव्यास आहेत', आणि सही इतकी दाबून केली की ती कागदाच्या मागून उमटली.

पुजाने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. संध्याकाळीच सामान आणते म्हणाली.

तोवर पारुबाई आणि प्रेमाकाकू चौकोनात कुठेही पाय न देता भोवती फिरत होत्या. देवीचं तोंड पूर्वेला करावं की दाराकडे, यावर त्यांचं जोरात चाललं होतं. व्यंकटराव पेनाचं टोपण हातात धरून मध्येच दोनदा खाकरले. त्यांना कोणी विचारलं नाही.