घाम सुटला तेव्हा

मामंजींना न्यूमोनिया झाला आणि घरात शहाणी मीच ठरले. नवरा, वेंकट, ओरगडमच्या कारखान्यात दिवसपाळीला. सासूबाई डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावणार. म्हणून तांबरमच्या डॉक्टरांकडे मीच गेले. लिव्होफ्लॉक्सासिन, रोज एक, पाच दिवस. हे औषध जंतूंना स्वतःची नक्कल करू देत नाही, मग छातीतले जंतू वाढायचे थांबतात आणि मरतात, असं त्यांनी समजावलं. पण मामंजींच्या मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर एकदम खाली जाऊ शकते, दोन वेळा तपासा, जेवण चुकवू देऊ नका, असंही बजावलं. मला सगळं पाठ झालं होतं हो.

तिसऱ्या दिवशी एकादशी. मामंजींनी आयुष्यात एकही मोडलेली नाही. सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि इडलीची ताटली परत सरकवली. मी डोकं आपटलं, पण ऐकतील तर शपथ! शेवटी चिडून म्हटलं, बसा उपाशी. साखर न तपासताच घरूनच, लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगला बसले.

अकराला सासूबाई हसतमुखाने आल्या. घाम सुटला, ताप उतरला, देव पावला म्हणाल्या. या घरात घाम आला की माणसाला हलवत नाहीत, पांघरूण घालून निजू देतात. तरी त्यांनी मला विचारलं, उठवू का? आणि मी मेली, माईक बंद करून म्हणाले, "झोपू द्या त्यांना."

पण मला चैन पडेना. अर्ध्या तासाने उठून गेले तर कपाळ थंडगार, चादर चिंब, हात थरथरताहेत. मामंजी माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण तुम्ही?"

मी धावत साखर तपासायचं यंत्र आणलं. साखर बेचाळीस! सासूबाईंनी अँब्युलन्सला फोन लावला. मी साखरेचं पाणी चमच्याने ओठांशी धरलं, गिळतात का बघत, एकेक घोट. दहाव्या घोटाला त्यांनी मला नावाने हाक मारली. मी रडले.

हॉस्पिटलात औषध बदललं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतका घाम सुटला तेव्हा कुणीच कसं उठवलं नाही?

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "माझं चुकलं. मीच निजू दिलं."

मी तोंड उघडलं, पण बोलले नाही. त्याला आज आठवडा झाला. मामंजी बरे आहेत. सासूबाई रोज त्यांची माफी मागतात, आणि मी अजून गप्पच आहे.