अर्धी साक्ष

त्या रविवारी साक्ष द्यायला उठली तेव्हा दीपमालाच्या मनात खोटं बोलायचं नव्हतं. युसूफ वडगावात सावित्रीबाईंच्या पत्र्याच्या घरी ख्रिस्ती प्रार्थनेला पंधरा-वीस माणसं जमत. पाळक आसारामकाकांनी विचारलं, "कुणाला देवाचे उपकार सांगायचेत?" आणि ती उभी राहिली. तिच्या नऊ वर्षांच्या वैष्णवीला मिरगीचे झटके यायचे. चौदा महिने झाले, एकही आला नव्हता.

"समद्यांनी प्रार्थना केली. प्रभूनं ऐकलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

वैष्णवी सकाळ-संध्याकाळ गोळी घेते, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी एकही गोळी चुकवू नका म्हणून बजावलंय, हे सांगायचं राहून गेलं. पुढं बायांनी तिचे हात धरले, कुणी पाया पडू लागलं, तेव्हा ते सांगणं अवघड झालं. पंधरा दिवसांत आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं विचारत येऊ लागली, प्रार्थना करणारी बाई कोणती? आजवर तिला कुणी कशासाठी विचारलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी बायनाबाई आली. गावाबाहेरच्या रानात तिच्या मुलाची मेंढरं बसली होती. कडेवर सहा वर्षांची नात मंगल, अंगानं वाळकी, डोळे पेंगुळलेले.

"बाई, हिला बी झटके येत्यात. दवाखान्याच्या गोळ्या चालू हायत, पन पोरगी दिसभर झोपूनच ऱ्हाती. तुमच्या पोरीला गोळी देता का काई?"

दारात प्रार्थनेला येणाऱ्या दोघी उभ्या होत्या. दोघींचेही डोळे दीपमालाकडे लागले होते.

"न्हाई," दीपमाला म्हणाली. "निस्ती प्रार्थना."

"मंग ह्या कावून द्यायच्या?" बायनाबाईने कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून ओट्यावर ठेवली. दीपमालाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बायनाबाई हात जोडून निघून गेली.

तिला हाक मारायला हवी होती. पण आतून कुणीतरी शहाण्यासारखं बोललं, आत्ता सांगितलंस तर तुझं जाऊ दे, प्रभूचं नाव खराब होईल. ह्या दोघी गावभर करतील. उद्या सांग, एकटी गाठून सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रानात गेली. मेंढरं पहाटेच हलली होती. लेंड्या आणि विझलेली चूल तेवढी मागे राहिली होती. शेतमालकाकडून बायनाबाईच्या मुलाचा नंबर मिळाला, पण फोन लागेना. शुक्रवारी लागला नाही, शनिवारीही नाही. वैष्णवीला गोळी देताना तिला मंगल दिसायची. नवऱ्याला, पंडितला, सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि भाजीचं विचारलं.

रविवारी आसारामकाका प्रभूच्या रानातल्या चाळीस दिवसांच्या उपासावर बोलले. सैतानाने त्याला मंदिराच्या टोकावर नेलं आणि उडी मार म्हणाला, देवदूत झेलतील, शास्त्रातच लिहिलंय की! माणसं उठल्यावर दीपमाला त्यांच्यापाशी गेली.

"काका, सैतान बोलतो तवा वळखायचं कसं?"

"लई अवघड हाय, बाई. आपल्याच आवाजात बोलतो. वाईट कर म्हनत न्हाई. देवासाठीच कर म्हनतो, न्हाईतर जरा थांब म्हनतो."

तिला रडू फुटलं. तिने सगळं सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी ना तिला धीर दिला, ना प्रार्थना केली.

"आनि चार दिस झाले? मंग हितं काय बसलीस? ऊठ!"

त्यांनीच चार ठिकाणी फोन लावले. कळप दिंद्रुडच्या बाजूला दिसला होता. ती केजला गेली, तिथून धारूर, तिथून दिंद्रुड. एसटीत शेजारची बाई काही विचारत होती, दीपमालाला एक शब्द ऐकू येत नव्हता. पोरगी विहिरीच्या काठाला असली तर? रस्त्यावर असली तर? पदरात ती पट्टी घट्ट धरलेली.

कापसाच्या मोकळ्या रानात मेंढरं दिसली आणि बायनाबाईही. मंगल तिच्या मांडीवर होती. डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं बांधलेलं.

"काल सांच्याला झटका आला," बायनाबाई म्हणाली. "चुलीवर पडली. आमचं काय चुकलं वो प्रार्थनेत?"

"तुमचं न्हाई. माझी पोरगी गोळी घेती. रोज घेती. मी खोटं बोलले."

बायनाबाईने पोरीला छातीशी ओढलं.

"कावून?"

वाटेत तिने पुष्कळ उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही तिने दिलं नाही.

"लोकं मला चांगलं म्हनत व्हते," ती म्हणाली.

बायनाबाईने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दीपमाला पोरीला घ्यायला वाकली तर तिचा हात झिडकारला. तरी मुलाने दूधवाल्याचा टेम्पो थांबवला आणि दीपमालाही चढली, तेव्हा तिला उतर म्हणाली नाही. माजलगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हात बघितला, मग पट्टी बघितली, मग दोघींनाही झापलं. पेंग येते तर येऊन सांगायचं, गोळी बदलता येते, बंद करायची नसते. हाताचा डाग राहणार होता, बोटं मात्र हलत होती. निघताना बायनाबाई तिच्याशी बोलली नाही, आणि दीपमालानेही माफी मागून तिला अडवलं नाही.

पुढच्या रविवारी ती पुन्हा उभी राहिली. सगळं सांगितलं, गोळ्यांचं, दारातल्या दोघींचं, मंगलच्या हाताचं. हालेलुया कुणी म्हटलं नाही. मागे कुणीतरी पुटपुटलं, "हे बोलायची काय गरज व्हती?"

ती खाली बसते न बसते तोच सावित्रीबाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. डबे हलवल्याचा आवाज येऊ लागला. आसारामकाका दारापर्यंत गेले.

"काय शोधता, सावित्रीबाई?"

"बीपीच्या गोळ्या," आतून आवाज आला. "तीन आठवडे झाले, घेतल्याच न्हाईत."

दीपमाला उठली आणि शोधायला आत गेली.