काकू, आज गप्प बसा

गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. पण डिसेंबरातल्या त्या रविवारी, वलगावच्या पुढच्या तलावावर गाडीतून उतरताच अमोलने मला बाजूला घेतलं. अमोल आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटाचा म्होरक्या, ह्यांचाच जुना विद्यार्थी.

"काकू, राग नका मानू. तुमी बोलता अन् पाखरं उडतात. आजही बोलल्या, तर पुढच्या खेपेले सरांले एकट्यालेच आणू."

एकट्याला! मेल्याला काय ठाऊक, ह्यांना दोन वर्षांपासून दिसतच नाही. काचबिंदूनं नजर नेली. तरी दुर्बीण गळ्यात अडकवून निघतात, आणि मी शेजारी बसून वटवट करते. "अगंबाई, केवढं ते केशरी बदक, डोकं तेवढं फिकट!" असं म्हटलं, की हे मान हलवून म्हणतात, "चक्रवाक. लिहून घ्या." लोक मला हसतात, ह्यांना मानतात. आमच्यात हे कधी बोलून ठरलं नाही. गट सुटला तर हे घरात झुरतील, एवढं मला कळतं.

म्हणून ओठ घट्ट मिटून बसले. जीव नुसता वर-खाली होत होता. पदराचं टोक पिळलं, चप्पल काढली, पुन्हा घातली. समोर लांब शेपटीची चार बदकं, सांगू कुणाला? हे दोनदा माझ्याकडे वळले. मी खोकले.

तेवढ्यात टिटव्या ओरडत उठल्या आणि पलीकडच्या तुरीतून लांडगा बाहेर आला. लांडगा, बाप्पा! गटातल्या करिश्मानं कॅमेरा उचलला. अमोलनं ओठांवर बोट ठेवलं, तेही माझ्याकडेच बघून. तीस हिवाळे हे रानोमाळ हिंडले, मेळघाटात वाघसुद्धा पाहिला, पण लांडगा कधी भेटला नव्हता. आज तो शंभर पावलांवर पाणी पीत होता आणि ह्यांची दुर्बीण भलत्याच बाभळीवर. मी त्यांचं मनगट धरलं.

"काय गं?" ते पुटपुटले.

मी बोलले नाही. देवा, मी बोलले नाही. मनगट धरून दुर्बीण तेवढी वळवली. लांडग्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि तुरीत शिरला.

सगळे एकदम बोलू लागले. सरांच्या शब्दाशिवाय यादीत नोंद होत नाही, हा गटाचा शिरस्ता. अमोल धावतच आला आणि नर होता की मादी, म्हणून ह्यांना विचारू लागला. मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी दुर्बीण काढून मांडीवर ठेवली.

"काय होतं रे तिथे?"

अमोल हसला. त्याला थट्टा वाटली.

"मला दिसत नाही, अमोल. दोन वर्षं झाली. यादीतला एकेक पक्षी हिनं पाहिलाय. मी नुसती नावं सांगतो."

अमोलचा चेहरा उतरला. मग हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आता सांग. सावकाश सांग, काही सोडू नकोस."

आणि मला शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, हे कान देऊन बसले होते, आणि माझ्या डोळ्यांना धार लागलेली.

"काकू," अमोल हळूच म्हणाला, "बोला ना."