राखीव पलटण

बुद्धभूषण सलग सहा लढाया हरला होता, आणि त्याही बायकोकडून. हट्टा गावात गुरांचा डॉक्टर म्हणून त्याचा चांगला दबदबा. पण रविवारी जेवणं उरकून टेबल मांडलं, की करुणा त्याला पार धूळ चारायची. आज काही झालं तरी जिंकायचंच, असं त्यानं सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं.

टेबलावर नेपोलियनच्या काळातलं रणांगण होतं. थर्माकोलच्या टेकड्या, तुरीच्या काड्यांची झाडं आणि बोटाच्या पेराएवढे शिपाई. फ्रेंच त्याचे, ऑस्ट्रियन तिचे. फासे टाकायचे आणि पडलेल्या आकड्याप्रमाणे मेलेले शिपाई उचलायचे. रंगवायची मात्र सगळ्यांना करुणाच, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई त्या! उंच केसाळ टोप्यांची सम्राटाची खास पलटण तर तिनं अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून रंगवली होती, एकेकाच्या मिशा वेगळ्या. ती पलटण बुद्धभूषणनं कधी लढायला पाठवलीच नाही. राखीव म्हणून मागं ठेवायची आणि हरल्यावर जशीच्या तशी डब्यात घालायची.

आजही करुणानं नेहमीचाच डाव टाकला. तिचं घोडदळ पुढं आलं. घोडे अंगावर आले, की पायदळाला चारी बाजूंनी संगिनी रोखून चौकोन करावाच लागतो, आणि चौकोन काही जागचा हलत नाही. मग टेकडीवरच्या तिच्या तोफांनी त्या दाटीला आरामात भाजून काढलं. दोन चौकोन उडाले.

"हारले तुमी. उठा, चहा टाका," करुणा म्हणाली.

पण बुद्धभूषण टेकडीकडं बघत होता. तिचं घोडदळ चौकोनांभोवती अडकलेलं आणि टेकडीसमोरचं मैदान साफ मोकळं! तिथून जाऊ शकेल अशी एकच पलटण उरली होती, आणि हा ती पाठवणार नाही याची बाईंना पक्की खात्री. त्याचा हात पलटणीवर गेला आणि थबकला.

"काहून थांबले?"

"तुझी दिवाळी गेली ह्यांच्यात. एका फेरीत उडतील."

"मी काय कपाटात मांडायला रंगवले व्हय? पाठवा की!"

त्यानं पाठवली. करुणानं अगदी जवळून तोफा डागल्या, काडीचीही दयामाया न दाखवता, आणि अर्धी पलटण स्वतःच्याच बोटांनी उचलून बाजूला टाकली. उरलेली मात्र तोफांवर जाऊन आदळली. टेकडी पडली. आता तिच्या फौजेचा धीर टिकतो का, यासाठी करुणानं फासे टाकले. दोन्हींवर एकच ठिपका. ऑस्ट्रियन पळत सुटले.

बुद्धभूषण आनंदानं ओरडलाच. मग बाजूला पडलेल्या शिपायांकडं त्याचं लक्ष गेलं आणि त्याला वाईटही वाटलं. करुणा मात्र स्वतः जिंकल्यावरही हसायची नाही इतकी हसत होती.

"हारली तू, अन् काहून हसून राहिली?"

"इतके दिवस तुमी मला जपूनच खेळले. आज कुठं माझ्यासंग लढले."

तिनं एक शिपाई उचलून उजेडात धरला. त्याच्या मिशीचा टवका उडाला होता. बुद्धभूषण लगबगीनं रंगाचा डबा आणायला उठला, तर तिनं त्याचा हात धरून खाली बसवलं.

"राहू द्या तशीच. लढून आलाय तो," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.