लगद्याची टोपली

“हे सारं जाळून टाका, इनायतभाऊ. आजच्या आज.”

हेडक्लार्क गुणवंतरावांनी कॉलेजच्या कोठीतल्या कागदांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. कागद कापण्या-शिवण्याचं काम करणाऱ्या इनायत दफ्तरीने हातातली कात्री खाली ठेवली.

“जाळू? पाठकोरे कागद हायेत जी हे. याचे पॅड होतेत.”

“मले काऊन सांगता? साहेबांचा हुकूम हाय. बजारात पोट्ट्यांच्या उत्तरपत्रिकेत शेंगदाणे बांधून भेटले. आता कागदाचा तुकडाबी फाटकाबाहेर जायाले नाई पायजे.”

उत्तरपत्रिका कोणी विकल्या ते कळलंच नाही. इनायतने विकल्या नव्हत्या, हे गुणवंतरावांनाही ठाऊक होतं.

चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. जुन्या राज्याचं नाव छापलेले फॉर्म, पाकिटं, पत्राचे कागद, सगळं एका दिवसात रद्दी झालं. इनायतने त्यातलं काही वाया जाऊ दिलं नाही. कोऱ्या पाठी कापून प्रोफेसरांसाठी पॅड शिवले, पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवली. उरलेली कातरण तो वर्षानुवर्षांच्या रिवाजाने पोत्यात भरून घरी न्यायचा. त्याची बायको रहमतबी ती भिजवायची, मेथी घालून उखळात कुटायची आणि तो लगदा उपड्या मडक्यावर थापून टोपल्या करायची. कॉलेजच्या खोल्याखोल्यांत केराची टोपली तिच्याच हातची होती.

मागच्या पावसाळ्यापासून रहमतबीची छाती बिघडली होती. पाणी भरणं सुटलं, मग चूलही सुटली. टोपली तेवढी सुटली नव्हती. मूलबाळ नव्हतं. “हात चालतेत तवरक बरं वाटते,” असं ती म्हणायची.

त्या संध्याकाळी इनायत रिकाम्या हातांनी घरी आला. रहमतबी मूल गावाजवळच्या खेड्यात वाढलेली. घरातही तिची बोली तिथलीच.

“काऊन जी, पोतं कुठी हाय?”

“आज कातरण निंगाली नाई.”

त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला, तेव्हा ती हळूच म्हणाली, “धुराचा वास येऊन राह्यला. जाळलं ना?”

“हुकूम होता.”

“मंग म्या आता दिवसभर काय करू? कौलं पाहत राहू?”

पुढे ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. भाकरी पुढ्यात ठेवली तर तुकडा मोडायची आणि बाजूला सारायची.

बोलावल्याशिवाय इनायत कधी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत गेला नव्हता. तो गेला.

“साहेब, कागद बाहेर जाऊ देऊ नका. माझ्या बाईलेच आत येऊ द्या. कागद भिजवून कुटला का त्याच्यावरचं कोणाले वाचता येते?”

साहेबांनी चष्मा काढला. “मला पटतं रे. पण विद्यापीठाला विचारावं लागेल.”

विद्यापीठाचं उत्तर थंडीत आलं. परवानगी होती. तोवर रहमतबीच्या अंगात उभं राहण्याचं बळ उरलं नव्हतं, तरी ती हट्टाने रिक्षात बसून आली. झाडूवाल्या सुकरीने तिला मागच्या अंगणात भिंतीला टेकवून उन्हात बसवलं. तिला मुसळ उचलेना. इनायत कुटू लागला.

“जोरानं कुटा जी. कागद हाय थो, लोखंड नाई,” ती म्हणाली आणि हसली. हसता हसता खोकल्याने वाकली.

ऊन कलेपर्यंत तिने एक टोपली थापली. उठताना तिने लगद्याने भरलेले हात पाण्यात बराच वेळ धुतले. दुसऱ्या दिवशी तिला उठता आलं नाही, आणि थंडी सरायच्या आत ती गेली.

इनायत पुन्हा कामावर आला, तेव्हा अंगणातल्या मोठ्या मातीच्या नांदेत कागद तसाच भिजत होता. गुणवंतराव जवळ आले.

“राहू द्या, इनायतभाऊ. मी साहेबाले सांगतो. पहिल्यासारखं जाळून टाकू.”

“भिजलेलं कुठी जळते जी?” इनायत म्हणाला आणि त्याने बाह्या वर सारल्या.

सुकरी आपणहून आली. दोघांनी मिळून कुटलं, मडक्यावर थापलं. बूड नीट बसलं, पोटही जमलं.

“आता काठ आत वळवून कड कशी मोडायची, भाऊ?” सुकरीने विचारलं. “भाबी कशी मोडत होती?”

इनायतचा हात थांबला. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी तो तिच्यापाशी चहा पीत बसला होता. कॉलेजात कोण काय बोललं, कोणता प्रोफेसर कोणावर चिडला, ते सारं तो सांगायचा आणि ती कड मोडता मोडता ऐकायची. त्याने तिची बोटं आठवून पाहिली. आठवलं ते तिचं मधेच “मंग?” म्हणणं.

“पाह्यलं नाई कधी,” तो म्हणाला.

टोपली बिनकडेचीच उन्हात ठेवली. दुपारी ती तोंडाशी तडकली. इनायतने कागदाची एक पट्टी भिजवली, चिरेवर बसवली आणि ती धरेपर्यंत अंगठ्याने दाबून बसून राहिला.